पालमपूरचं लग्न

गेल्या महिन्यात सांगलीकडच्या एका तरुण डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांना इथल्या एका रुग्णालयात जागा मिळाली होती, आणि नवऱ्याला, सासूबाईंना घेऊन चंदीगडला राहायला यावं की नाही अशा विचारात त्या होत्या. शहर कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. रस्ते सरळ आहेत, झाडं भरपूर, हिवाळा कडक, उन्हाळा त्याहून कडक, माणसं मोठ्या मनाची.

"आणि तोटे?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे फार येतात," मी म्हणालो.

त्या हसल्या. हा कसला तोटा, असं त्यांना वाटलं असावं. मीही हसलो आणि विषय बदलला. तो तोटा नेमका काय असतो ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं लिहितो आहे.

पंधरा वर्षांपूर्वी मी इथल्या विद्यापीठात शिकवायला आलो. बायको, पाच वर्षांची मुलगी आणि मी. अडतीस नंबरच्या सेक्टरमध्ये एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला भाड्यानं घेतला. अजूनही तिथंच राहतो. खाली घरमालकीणबाई राहतात, सत्तरीच्या सरदारनी. सगळे त्यांना आंटीजी म्हणतात. जिना बाहेरून आहे, आंटीजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे त्यांना पोळ्या लाटता लाटता कळतं.

पहिल्या वर्षी पाहुणे आले तेव्हा मी हरखून गेलो होतो. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारं माणूस दारात उभं राहिलं की काय वाटतं, ते बाहेर राहिलेल्यालाच कळेल. माझा मामेभाऊ आला, बायकोची मावशी आली, कॉलेजातला मित्र आला. मी प्रत्येकाला रॉक गार्डन दाखवलं, सुखना तळ्यावर नेलं, ओळखपत्रं गोळा करून कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या सरकारी इमारती दाखवल्या. या शहरात तेरा नंबरचा सेक्टरच नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की पुढे शहरालगतच्या मनीमाजऱ्याला तो नंबर मिळाला तेव्हा माझी हक्काची गोष्टच गेली.

हळूहळू लक्षात आलं की कोणी चंदीगडला येत नाही. लोक शिमल्याला जातात, मनालीला जातात, अमृतसरला जातात, आणि चंदीगड वाटेत लागतं. मिरजेहून थेट गाडी आहे. ती इथं थांबते, आणि इथं आपलं माणूस आहे. जाताना एक रात्र, येताना एक रात्र. जाताना ते स्वेटर बांधून तयार असतात आणि येताना त्यांचे धुवायचे कपडे असतात. मुलगी सात-आठ वर्षांची असताना एकदा बैठकीत बसलेल्या मंडळींकडे बघून माझ्या कानात कुजबुजली होती, "बाबा, ये लोग शिमला जाने वाले हैं या आने वाले?" ती मराठी समजते, पण बोलते हिंदीतच. नातेवाईक म्हणजे पहाडावर जाणारे किंवा पहाडावरून येणारे लोक, अशी तिची समजूत झाली होती. तिचं चुकत नव्हतं.

एप्रिल ते जून आणि डिसेंबरचे शेवटचे दिवस आमच्या घराचा सीझन. वरच्या मजल्याला उन्हाळ्यात पाणी जेमतेम चढतं. सहा माणसं आंघोळी करून गेली की टाकी रिकामी. आंटीजी जिन्यातून हाक मारायच्या, "प्रोफेसर साब, बारात आई है क्या?" त्या चेष्टेनं म्हणायच्या, पण आम्ही ओशाळायचो. बायको मोहालीच्या एका शाळेत शिकवते. ती घरी यायची तेव्हा दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडलेल्या असायच्या. ती पर्स खुंटीला अडकवायची. कणिक मळायला घ्यायची. ज्या तळ्यासाठी लोक इतक्या लांबून येतात तिथं आम्ही तिघं केवळ तिघं म्हणून कधी गेलो होतो, हे तिला एकदा आठवेना. मलाही आठवलं नाही.

मग मी खोटं बोलायला लागलो.

पहिल्यांदा जीभ अडखळली, पण ते फार सोपं निघालं. "अरे, त्या तारखांना आम्ही नेमके इथं नाही." कुठं जाताय, असं समोरचा विचारतोच. त्यासाठी एक गाव लागतं. शिमला म्हणून चालत नाही. मग तोही म्हणतो, बरोबरच जाऊ की. मी पालमपूर निवडलं. तिकडं चहाचे मळे आहेत आणि सांगली-मिरजेकडचं कोणी तिकडं जात नाही. पालमपूरला सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न आहे. या लग्नाला मी चार वर्षांत पाच वेळा गेलो. बायकोला हे माहीत होतं. ती हसून म्हणायची, "अहो, त्या मुलाला आता तरी संसार करू द्या."

मी हे हसण्यावारी नेलं, कारण ज्यांना टाळलं ते सगळे हॉटेलात उतरू शकत होते, आणि उतरले. त्यांचं काही बिघडलं नाही.

माझा थोरला भाऊ मात्र कधीच आला नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडं तो आयुष्यभर कामाला होता. त्याच्या शर्टाला, बोटांना हळदीचा वास असायचा, आंघोळ केली तरी. आमचं गाव तिथून दूर होतं आणि मला कॉलेजला सांगलीत शिकायचं होतं. दादाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दोन खोल्या होत्या, बाहेरची आणि स्वयंपाकाची. मी गेलो त्या दिवशी वहिनींनी बाहेरच्या खोलीत माझी कॉट लावली, टेबल लावलं आणि आपलं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली नेलं. लग्न होऊन चार महिने झालेले. मी त्या खोलीत सहा वर्षं राहिलो. त्या सहा वर्षांत मला एकदाही असं वाटलं नाही की मी कोणाच्या घरात राहतो आहे. आता मागे वळून बघतो तेव्हा कळतं की असं वाटू न देणं हे किती मोठं काम होतं, आणि ते रोज कोण करत होतं.

इथं आल्यावर मी दादाला दर वर्षी म्हणायचो, या एकदा दोघं. तो म्हणायचा, "येऊ की. तुझी गर्दी ओसरली की येतो." त्याला कोणाकडून तरी कळलेलं असायचं की आमच्याकडं पाहुण्यांची रांग आहे. सगळे जण मला विचारून यायचे, काही जण न विचारता यायचे. दादा माझी अडचण स्वतःच मोजायचा आणि यायचा नाही. मीही म्हणायचो, बरं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर थंडी, मग परीक्षा, मग पुन्हा एप्रिल. मुलगी दहावी झाली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, तिच्यासाठी एक वस्तू करून ठेवली आहे, येताना घेऊन येतो. मी म्हणालो, कुरिअर कर ना. तो म्हणाला, "छे, हातानं द्यायची आहे."

त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तो गेला. झोपेतच गेला. मी विमानानं पुण्याला आणि तिथून गाडीनं सांगलीला पोचलो तोवर सगळं झालं होतं. चौदाव्याला परत आलो. वहिनींशी मी धड बोललो नाही. त्या माझ्यासमोर ताट ठेवायच्या आणि मी खाली बघून जेवायचो.

पुढच्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात आमच्या मुलीच्या प्रवेशपरीक्षा होत्या. त्याआधीच्या एप्रिलमध्ये चार कुटुंबं येऊन गेली होती. बायको एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "जून उजाडेपर्यंत कुणीही नको. पोरीचं वर्ष आहे." मी म्हणालो, कुणीही नाही.

आठवड्याभरानं वहिनींचा फोन आला. गल्लीतल्या महिला मंडळाची सहल निघाली होती, पस्तीस बायका, बरोबर स्वतःचा आचारी. चंदीगडला एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिमला. वहिनी सहलीला कधी जात नसत. त्या म्हणाल्या, "ह्यांचं राहिलं. मी तरी तुमचं घर बघून जाते. सगळ्या हॉटेलात राहणार आहेत, पण मी मॅनेजरला सांगितलंय, माझे दीर तिथं आहेत, मी एक रात्र त्यांच्याकडं जाणार. चालेल न्हवं भाऊजी? आहेसा काय त्या दिवशी?"

मी तारीख ऐकली आणि म्हणालो, "अरेरे वहिनी, त्या दिवशी नेमकं पालमपूरला लग्न आहे."

इतक्या सहज म्हणालो. एक क्षणही लागला नाही. पलीकडे थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बरं, असू दे. लग्नाला जायलाच पाहिजे. जेवलासा काय?"

मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं की बायकोला शब्द दिला होता म्हणून मी असं म्हणालो. ते खरं नाही. मी बायकोला विचारलंच नाही. तिला एवढंच सांगितलं की वहिनींची सहल येणार आहे, पण त्या हॉटेलातच उतरणार आहेत. "घरी नाही येणार?" तिनं विचारलं. "वेळ नाही म्हणाल्या," मी म्हणालो. एका फोनपायी दोन्हीकडे खोटं बोललो. कारण असं होतं की दादा गेल्यानंतर वहिनींबरोबर एक पूर्ण रात्र एका घरात काढायची मला भीती वाटत होती. दादाला मी इतक्या वर्षांत का आणलं नाही, हे त्या विचारतील असं वाटत होतं. त्या विचारणार नाहीत हेही माहीत होतं, आणि त्याची भीती जास्त होती.

तो रविवार होता. मी सकाळपासून घराबाहेर पडलो नाही. बायको म्हणाली, संध्याकाळी वहिनींना तळ्यावर तरी गाठू, सहलवाले तिथं नेतातच. मी म्हणालो, त्यांचं वेळापत्रक घट्ट असतं, कुठं शोधणार. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी टेबलाशी बसलो. मुलगी तिच्या खोलीत अभ्यास करत होती. बायकोनं धुणं धुतलं आणि पुढच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातलं.

साडेपाचच्या सुमाराला मला एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मेहुण्याला कालक्याहून शिमल्याला छोट्या गाडीनं जायचं होतं. या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. घरात रेंज नीट येत नाही म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी, उघड्या दारात, जिन्याकडे पाठ करून उभा राहून बोललो. कुठली गाडी घ्यायची, कुठल्या बाजूला बसायचं, धरमपूरला काय खायचं, परत येताना टॅक्सी कुठून करायची. पंधरा मिनिटं तरी बोललो असेन. मोठ्यानं आणि हौसेनं. मध्ये एकदा खळखळून हसलोही.

फोन ठेवून आत आलो. दहा मिनिटांनी आंटीजी वर आल्या. गुडघ्यांमुळं त्या सहसा वर येत नाहीत. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"आपकी भाभीजी दे गई हैं," त्या म्हणाल्या.

मला कळेना. बायको बाहेर आली. आंटीजी खुर्चीत बसल्या, दम घेतला आणि सांगू लागल्या. एक बाई ऑटोनं आल्या. कागदावर सेक्टर आणि घराचा नंबर लिहिलेला. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, वरचे लोक गावाला गेले आहेत, परत आले की ही पिशवी द्या. आंटीजींना हसू आलं. "मैंने कहा, गए कहाँ हैं? ऊपर ही तो हैं सब। जाओ ऊपर।" तेवढ्यात वरून माझा आवाज आला. त्या बाईंनी वर बघितलं. मग जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथंच कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. आंटीजींनी पुन्हा म्हटलं, जा ना. त्यांनी मान हलवली. "बोलीं, बस पानी दे दो। मैंने पानी दिया। खड़ी रहीं बहुत देर। फिर चली गईं।"

मग आंटीजींनी विचारलं, "झगड़ा है कोई?"

"नहीं आंटीजी," मी म्हणालो.

हे शहर असं आहे की इथं लपता येत नाही. आमच्या सांगलीत पत्ता सांगायचा तर चार दुकानं, एक वडाचं झाड आणि कोणाचं तरी आडनाव सांगावं लागतं. इथं फक्त दोन आकडे. मराठी शाळेत सातवी शिकलेली, घराबाहेर एकटी कधी न पडलेली बाई हॉटेलातून कागद घेऊन निघाली आणि थेट माझ्या जिन्याशी येऊन पोचली. पाहुण्यांना मी ही गोष्ट किती अभिमानानं सांगत आलो होतो.

बायकोनं पिशवी उघडली. वर बेदाण्यांची पुडी होती, किलोभर हळद होती, आणि खाली स्टीलचा डबा. डब्यात शेंगदाण्याचे लाडू. झाकणावर नाव कोरलेलं होतं. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरून देण्याची रीत आहे. कोरलं की ती वस्तू मग दुसऱ्या कोणाची होत नाही. त्या झाकणावर आमच्या मुलीचं नाव होतं, त्याखाली 'दहावी उत्तीर्ण', आणि त्याखाली 'काका-काकूंकडून'. दादानं करून ठेवलेली वस्तू ती ही. लाडू तर सहलीत सगळ्यांना वाटता आले असते. डबा मात्र कोणालाच देता आला नसता. म्हणून आम्ही गावाला गेलो आहोत असं समजून त्या तो शेजारी ठेवायला आल्या होत्या.

बायकोला सगळं समजायला वेळ लागला नाही. तिनं मला दोनच प्रश्न विचारले. त्यांनी राहायला येऊ का विचारलं होतं? मी हो म्हणालो. पालमपूर? मी हो म्हणालो. ती बराच वेळ झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"कुणीही म्हणजे वहिनी नव्हत्या हो," ती म्हणाली.

मुलगी दारात येऊन उभी होती. तिनं डबा हातात घेतला, नाव वाचलं. तिला मराठी अक्षरं जुळवून वाचावी लागतात. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "काकू ऊपर क्यों नहीं आईं?"

मी चप्पल घातली.

सहलीचं हॉटेल मला माहीत होतं, वहिनींनीच फोनवर सांगितलं होतं. पोचेपर्यंत सव्वासात झाले. आचाऱ्यानं मागच्या मोकळ्या जागेत पिठलं-भात लावला होता आणि बायका ताटं घेऊन खुर्च्यांवर बसल्या होत्या. सगळीकडं सांगलीची बोली ऐकू येत होती. गाडीत येताना मी ठरवलं होतं की गेल्या गेल्या खरं सांगायचं. वहिनी कोपऱ्यात होत्या. वर्षभरात फार वाळल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे कोण वो?"

"हे माझे दीर," वहिनी म्हणाल्या. आवाज जरा मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सांगत नव्हते काय? पालमपूरला लग्नाला गेलेते. मला भेटायला लग्न टाकून आलेत."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. कोणी म्हणालं, असे दीर आजकाल कुठं मिळतात. कोणी म्हणालं, केवढ्या लांबनं आले, आधी पाणी द्या त्यांना. एक म्हातारी हसत वहिनींना म्हणाली, "मघापासनं तोंड पाडून बसलीतीस की गं. आता हस बघू." मला खुर्ची दिली, हातात ताट दिलं. किती तास लागले, असं एकीनं विचारलं, आणि मी पालमपूर इथून किती तासांवर आहे ते सांगितलं. बरोबर सांगितलं. वहिनींनी माझ्या भातावर तूप वाढलं.

मी खरं का बोललो नाही? मी तेव्हा स्वतःला समजावलं की आता खरं बोललो तर पस्तीस बायकांसमोर वहिनी खोट्या पडतील. हे खरंच होतं. पण हेही खरं की मला ते कौतुक गोड लागलं. पिठलं खाताना क्षणभर मला वाटलंही की मी पालमपूरहून आलो आहे.

मी घरी चला म्हणालो. बायकोनं निरोप दिला आहे, मुलगी वाट बघते आहे, सकाळी सहाच्या आत आणून सोडतो. त्या म्हणाल्या, "नको भाऊजी. पोरीचा अभ्यास आहे. आणि मॅनेजरनं माझी खोली आता लावून दिलीया." मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा नको म्हटलं, हसत, मोकळेपणानं. त्यात राग कुठं सापडला असता तर मी त्याला धरून बसलो असतो.

त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. वारा पडला होता. मे महिन्यात इथं संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, त्याआधी आकाश पिवळट होतं आणि झाडं गप्प होतात. वहिनींनी वर बघितलं.

"दोरीवरचे कपडे काढलेत काय?" त्या म्हणाल्या. "नाही तर धुळीनं भरतील."

मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो. त्या आत गेल्या. गाडीत बसेपर्यंत वादळ आलं आणि मी काच वर करून तसाच बसून राहिलो.

सकाळी आम्ही तिघं साडेपाचला हॉटेलवर गेलो. बस शिमल्याकडे निघून गेली होती. उशीर झाला की घाटात गाड्या अडकतात, म्हणून तासभर आधी सोडली, असं दारावरच्या माणसानं सांगितलं. सीझन आहे ना साहेब, तो म्हणाला.

पुढचे कितीतरी दिवस मी फोन हातात घेऊन ठेवून द्यायचो. त्यांनी मात्र परत पोचल्यावर नेहमीसारखा फोन केला, शिमला थंड होतं, आचारी चांगला होता, असं सांगितलं. लाडू मऊ राहिले होते काय ते विचारलं. मुलीची परीक्षा झाली. निकाल लागला. तिचा डबा ती वसतिगृहात घेऊन गेली. निघताना ती म्हणाली, "बाबा, काकू को आपने सॉरी बोला?" सतरा वर्षांच्या मुलीनं बापाला हे विचारावं लागलं, याची लाज मला अजून वाटते.

त्या दिवशी दुपारी मी फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग थांबलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी घरीच होतो. पालमपूरला लग्नबिग्न काही नव्हतं."

"माहीत आहे की," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग वर का नाही आलात. त्यांना वर बोलवायचा अधिकार मी घालवला होता, तरी विचारलं. मला वाटलं त्या म्हणतील, अपमान वाटला. मला ते ऐकायचं होतं. ऐकल्यावर माफी मागता आली असती.

 मागं कुठंतरी शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही फोनवर बोलत होतासा. तुमचा आवाज हुबेहूब ह्यांच्यासारखा झालाय भाऊजी. मध्ये हसलासा, ते तर अगदीच. मी खाली उभी राहून ऐकत होते. वर आले असते तर तुम्ही बोलायचे थांबला असता."

मी फोन तोंडापासून लांब धरला. मी बोलायलाच पाहिजे होतं, निदान तेव्हा तरी. त्याच म्हणाल्या, असू दे, डोळे पुसा, पोरगी आजच गेली, बायकोला एकटं वाटत असेल, तिच्याजवळ बसा.

त्यानंतर मी पालमपूरला गेलो नाही. कोणी येतो म्हणालं तर या म्हणतो, जमत नसेल तर जमत नाही म्हणतो, आणि लोक त्याचं वाईट वाटून घेतात, तेही ऐकून घेतो. एप्रिल आला की मुलीच्या रिकाम्या खोलीत चादर बदलतो आणि वहिनींना फोन करतो. हे मी न चुकता करतो. तारीख सांगा, तिकीट पाठवतो, मिरजेहून थेट गाडी आहे, मी स्वतः घ्यायला येतो, सगळं सांगतो. मुद्दाम लांबण लावतो, थोडं जास्तच बोलतो, कारण मी बोलत असतो तोवर त्या पलीकडे अगदी गप्प असतात.

माझं संपलं की त्या म्हणतात, "येते की. तुमची गर्दी ओसरली की येते."